सहा दिवस वरच्या लीगमध्ये

संप म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. एकोणसाठ साली आम्ही पोलादवाले एकशे सोळा दिवस फाटकाबाहेर उभे होतो. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, भट्टीखात्यातला युनियनचा प्रतिनिधी. माझा सख्खा मावसभाऊ मिलान नव्वदाव्या दिवशी मान खाली घालून फाटकातून आत गेला, त्यानंतर मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. बावीस वर्षं समोरासमोरच्या घरांत राहिलो. तो वारला तेव्हा चर्चमध्ये गेलो, शेवटच्या बाकावर बसलो, पण शवपेटीजवळ गेलो नाही. एमिल व्राबेल असा आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा पोलादाचा कारखाना एकोणऐंशीत बंद पडला. आता तिथे माणूसभर उंच गवत आहे, पण लोक अजून मला वचकून असतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माझा जावई वेंडेल प्रॅटर. पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरातला, तोंडाने अबोल आणि गुडघ्यांनी म्हातारा. कॅचर. बॅटवाल्याच्या मागे चेंडू झेलायला ज्याला पूर्ण सामनाभर उकिडवं बसावं लागतं तो. अकरा वर्षं तो खालच्या लीगमध्ये खेळला. बसने रात्र-रात्र प्रवास, चार जणांत एक खोली, शेंगदाण्याच्या लोण्याची सँडविचं. माझी डेनिस त्याच्यामागे नऊ गावांत बिऱ्हाड हलवत फिरली. मी विचारायचो, "अगं, कधी संपणार हे?" ती म्हणायची, "पप्पा, त्याला एकदा वर खेळायचंय. एकच सामना. मग तो स्वतःच सोडेल."

एकच सामना. खोटं वाटेल, पण आमच्याकडे बेसबॉलमध्ये हे असंच असतं. वरच्या लीगमध्ये एका सामन्यात जरी उतरलात, तरी तुमचं नाव कायमचं नोंदलं जातं. शंभर वर्षांपूर्वी एकदाच बॅट घेऊन उभा राहिलेला आणि तीन चेंडूंत आऊट झालेला कुणी दाढीवालासुद्धा त्या नोंदीत आहे. बॅटला चेंडू लागला पाहिजे असंही नाही. मॅनेजरने पंचाला नाव सांगितलं, लाऊडस्पीकरवर पुकारलं, की झालं. तो माणूस खेळला. अकरा वर्षं वेंडेल तेवढ्या एका पुकाऱ्यासाठी झिजला.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये डेनिसचा फोन आला.

"पप्पा, आधी बसा."

"बसलोच आहे. काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही हो! वेंडेलला वर बोलावलं. स्टीमर्सच्या राखीव कॅचरचा खांदा निखळलाय. उद्यापासून तो तिथे."

स्टीमर्स म्हणजे आमच्या शेजारच्या मोठ्या शहराचा संघ, घरापासून नव्वद मैल. मला तर रडूच आलं. एकटाच होतो, म्हणून रडून घेतलं.

पण त्या वेळी डोक्यावर तलवार टांगलेली होती. खेळाडूंच्या युनियनने तारीख देऊन ठेवली होती: बारा ऑगस्ट. मालक ऐकत नसतील तर त्या दिवसापासून कोणी मैदानात उतरणार नाही. वेंडेल सहा तारखेला पोचला. म्हणजे हातात सहा दिवस, सहा सामने.

बारमध्ये सगळे खेळाडूंच्या नावाने बोटं मोडत होते. "लक्षाधीशांचा कसला संप रे, एमिल? यांना भाकरी कमी पडते का?" मी टेबलावर मूठ आपटून सांगायचो, "मालक तो मालक, कामगार तो कामगार. पगार किती ते बघायचं नसतं, सही कोण करतो ते बघायचं." माझ्याशी वाद घालायला कोणी धजलं नाही. आज वाटतं, एखाद्याने घालायला हवा होता.

आता गंमत बघा. वेंडेल गेला आणि स्टीमर्स जिंकायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. मॅनेजर टालबट म्हणजे एक नंबरचा शकुन मानणारा. जिंकत असताना काही बदलायचं नाही हा तर सगळ्याच बेसबॉलवाल्यांचा नेम, पण टालबटने पाच दिवस मोजेसुद्धा धुतले नाहीत. तेच खेळाडू, तोच क्रम, बाकावर बसायच्या जागाही त्याच. दहा धावांनी पुढे असतानासुद्धा त्याने वेंडेलला उठवलं नाही. आमचा पोरगा बाकाच्या टोकाला हेल्मेट मांडीवर घेऊन पाच दिवस बसून राहिला. फोनवर विचारलं तर म्हणे, "संघ जिंकतोय ना पप्पा, मग बरंच आहे." डेनिस मात्र पाचव्या दिवशी देवाला हात जोडून म्हणाली, "उद्या हरू देत मेले."

अकरा तारखेला, गुरुवारी दुपारी, शेवटचा सामना. डेनिस आणि मी गाडी काढून गेलो. ऊन असं की बाकड्याला हात लावता येईना. आणि तिच्या मनासारखं झालं, स्टीमर्स हरत होते. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आमच्याकडचे खेळायला आले तेव्हा सहा-दोन. तिघे आऊट झाले की डाव संपतो. पहिला आऊट झाला. दुसरा पहिल्या बेसवर पोचला. आणि डगआऊटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकाकडून, वेंडेल बाहेर आला.

डेनिसने माझ्या दंडात नखं रुतवली. "पप्पा, बॅट घेतली. बॅट घेतली त्याने!"

खेळणाऱ्याच्या मागे एक गोल आखलेला असतो. पुढचा खेळाडू तिथे उभा राहून बॅट फिरवत असतो. वेंडेल त्या गोलात उभा होता. टालबटने त्याला डोक्याने खूण केलेली मी या डोळ्यांनी पाहिली. पण पंचाला नाव सांगतात ते आधीचा खेळाडू मोकळा झाल्यावर. तोवर गोलातला माणूस नुसता उभा असतो, मोजला जात नाही.

त्याच्या आधी बॅट घेऊन उभा होता हॅल्व्हरसन. पहिला बेस राखणारा, संघातला हिरा, सहा फूट चार इंच, आणि युनियनचा प्रतिनिधीही तोच. म्हणजे मी जे भट्टीखात्यात होतो, ते तो तिथे. हॅल्व्हरसनने काहीही केलं असतं तरी चाललं असतं. तीनदा हवेत बॅट फिरवून आऊट झाला असता तरी पुढे वेंडेल होता. नुसता उभा राहिला असता तरी वेंडेल होता. पण सगळ्यांना घाई होती. गाड्या सामान भरून उभ्या होत्या, लोकांची विमानं होती. हॅल्व्हरसनने पहिल्याच चेंडूवर बॅट घातली. चेंडू सरपटत दुसऱ्या बेसच्या माणसाकडे गेला. एका चेंडूत दोन आऊट, बेसवरचा आणि तो स्वतः. सामना संपला.

वेंडेल गोलातच उभा. बॅट खांद्यावर. डेनिस म्हणाली, "आता?" मी म्हणालो, "आता काय. आता संप."

सामन्यानंतर खेळाडूंच्या फाटकाशी आम्ही थांबलो. हॅल्व्हरसन वेंडेलच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला. "दोन आठवडे," म्हणाला, "फार तर तीन. परत आलो की पहिल्या सामन्यात वेंडेल. माझा शब्द." मी पोलादवाला, हे कळल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "काका, तुमच्यासारख्यांच्या जिवावर आम्ही उभे आहोत." काय सांगू, माझी छाती फुगली. नव्वद मैल घरी येईस्तोवर मी डेनिसला युनियनवर भाषण देत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती.

दोन आठवडे कसले! सप्टेंबरात मोसमच रद्द झाला. वेंडेलचं नाव वरच्या यादीत, म्हणून त्याला खालीसुद्धा खेळता येईना. ऑक्टोबरात क्लबने त्याला वरच्या यादीतून काढून पुन्हा खालच्या संघात टाकलं. हिवाळ्यापुरता तो आमच्या गावात टायरच्या दुकानात कामाला लागला. चाकं काढायची, चाकं बसवायची. उकिडवं बसायची सवय होतीच.

जानेवारीतला एक रविवार. दोघं जेवायला आली होती. मी हालुश्की केलं होतं, कणकेच्या जाड शेवया, आमच्या हिच्या पद्धतीने, कोबी लोण्यावर लाल होईस्तोवर परतून. ती गेल्यापासून रविवारचा स्वयंपाक माझ्याकडेच. बाहेर बर्फ. वेंडेलने ताट पुसून खाल्लं आणि काटा बाजूला ठेवला.

"क्लबचा फोन आला होता, पप्पा."

"काय म्हणतात?"

"संप मिटला नाही तर ते दुसरे खेळाडू घेऊन मोसम सुरू करणार. एप्रिलपासून. मला म्हणाले, ये. पहिल्या दिवसापासून कॅचर तू."

डेनिस सिंकपाशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता, पण ती काही धूत नव्हती.

"लोमॅक्स जातोय," वेंडेल म्हणाला. लोमॅक्स म्हणजे खालच्या लीगमधला त्याचा खोलीतला जोडीदार, तोही कॅचर, तोही दहा वर्षं घासलेला. "तो म्हणतो, युनियनने आपल्याला काय दिलं? खालच्यांना तर ते सभासदसुद्धा करून घेत नाहीत."

"लोमॅक्स गेला खड्ड्यात. तू काय म्हणालास?"

"म्हटलं, विचार करून सांगतो." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे, पप्पा?"

अहो, विचारलं ते मला! पस्तीस वर्षं जे ओठांवर होतं ते धडाधड बाहेर आलं. "माझं म्हणणं? संपफोड्याला माझ्या घरात ताट वाढलं जात नाही. हे माझं म्हणणं. तुला जायचं तर जा, पण त्या दारातून परत यायचं नाही."

डेनिसने नळ बंद केला. "पप्पा, ही तुमची भट्टी नाही. हॅल्व्हरसनचं तळ्याकाठी घर आहे, घोडे आहेत. त्याच्यासाठी वेंडेलने का मरायचं?"

"संप तो संप."

"अकरा वर्षं, पप्पा! आणि तो बत्तीस वर्षांचा झाला. पुन्हा कोण बोलावणार त्याला?"

"हॅल्व्हरसनने शब्द दिलाय. युनियनच्या माणसाचा शब्द आहे तो."

"तुम्ही मिलानकाकांच्या पेटीजवळसुद्धा गेला नाहीत," ती म्हणाली. "काकू अजून पडद्याआडून बघते, तुम्ही बाहेर पडलात की मगच अंगणात येते. एवढं करून मिळवलंत काय?"

मी टेबलावर हात आपटला. ताटं उडाली. वेंडेल माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. कसल्या नजरेने ते तेव्हा मला कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. मग तो म्हणाला, "बरं." उठला, कोट घातला, बाहेर जाऊन माझ्या दारातला बर्फ फावड्याने काढायला लागला.

तो गेला नाही. फेब्रुवारीअखेर फ्लोरिडात खालच्या खेळाडूंच्या सरावाला गेला तेव्हा क्लबने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा नाही म्हटलं. मग त्याला मागच्या मैदानावर अठरा वर्षांच्या पोरांचे चेंडू झेलायला बसवलं. पुढच्या मैदानावर लोमॅक्स स्टीमर्सचा गणवेश घालून खेळत होता. तिथे वाहतूक खात्यातले, मद्याच्या गोदामातले, वाट्टेल ते गोळा केले होते. मी गावभर सांगत फिरलो, "आमचा वेंडेल आत गेला नाही." बारमध्ये त्याच्या नावाने ग्लास उंचावला. एकट्यानेच.

आणि नेमकं त्या नकली मोसमाच्या तोंडावर, एप्रिलच्या सुरुवातीला, संप मिटला. नकली संघाने वरच्या लीगचा एकही खरा सामना खेळला नाही. मी डेनिसला फोन करून म्हणालो, "बघ! गेला असता तर हातात काय आलं असतं? धुपाटणं!" ती म्हणाली, "हो पप्पा," आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी क्लबने वेंडेलला मोकळं केलं. जागा नाही म्हणाले. दहा मिनिटांत. लोमॅक्सला मात्र ठेवलं. क्लबला कोण कामाला आलं होतं, ते क्लबच्या लक्षात होतं.

मी गप्प बसणारा नव्हे. एप्रिलअखेर स्टीमर्सचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता. वेंडेलला न सांगता एकटा गेलो. अर्धं मैदान रिकामं, आलेले लोक शिव्या घालत होते. लोकांचा राग घालवायला म्हणून खेळाडू कठड्यापाशी येऊन सह्या देत होते. मी रांगेत उभा राहिलो. सदुसष्टीच्या घरातला म्हातारा, पुढेमागे शाळकरी पोरं. पाऊण तासाने हॅल्व्हरसन समोर आला. मी टोपी काढली.

"ओळखलंत का? एमिल व्राबेल. पोलादवाला."

"अरे वा, काका!" तो हसला. दात काय सुंदर त्याचे.

"वेंडेल," मी म्हणालो. "वेंडेल प्रॅटरबद्दल बोलायला आलोय."

"वेंडेल. छान नाव आहे." त्याने पिशवीतून एक चेंडू काढला, झरझर लिहिलं आणि माझ्या हातात दिला. मग पुढच्या पोराकडे वळला.

मी चेंडू फिरवून पाहिला. 'वेंडेलला, खूप शुभेच्छा. मेहनत कर, एक दिवस तूही इथे खेळशील.' खाली सही.

त्याला वाटलं, माझा नातू असेल.

मी तिथे ओरडायला हवं होतं. आयुष्यभर मी ओरडत आलो, मालकांवर, फोरमनवर, बायकोवर, मिलानवर. त्या दिवशी मात्र टोपी परत डोक्यावर घातली. मागच्या बाईने विचारलं, "आजोबा, तुमचं झालं का?" मी बाजूला झालो. गाड्यांच्या आवारात कचऱ्याचं पिंप होतं. मोहरीच्या सॉसने माखलेल्या कागदांवर तो चेंडू टाकला आणि सामना न बघता घरी आलो. हे मी वेंडेलला कधी सांगितलं नाही. डेनिसलाही नाही.

जूनअखेर एका शनिवारी दुपारी वेंडेल माझ्याकडे आला होता. माझ्या गाडीचे ब्रेक बघायचे होते. ते झाल्यावर हात धुऊन तो बाहेरच्या खोलीत बसला. टीव्हीवर स्टीमर्सचा सामना होता. त्यांच्या मुख्य कॅचरचं बोट मोडलं होतं, म्हणून खालून एकाला वर आणलं होतं. लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं. लोमॅक्स.

डगआऊटमध्ये त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं, ते टीव्हीवरही दिसत होतं. हॅल्व्हरसन तर त्याच्याकडे पाठ करून उभा होता. पण लोमॅक्स बॅट घेऊन चालत गेला, उभा राहिला, आणि दुसऱ्या चेंडूवर उजवीकडे सणसणीत फटका मारून पहिल्या बेसवर पोचला.

वेंडेलने टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या, पुढे वाकून.

माझं टाळकं सरकलं. "अरे टाळ्या काय वाजवतोस? गद्दार आहे तो! तुझ्या जागेवर उभा आहे!"

"चांगला कॅचर आहे, पप्पा. दहा वर्षं घासली त्यानेही."

"लाज नाही त्याला! त्याच्याशी कोणी बोलतसुद्धा नाही, बघ."

"दिसतंय."

"तू मान ताठ ठेवलीस. तू आत गेला नाहीस. त्याच्यापाशी काय आहे?"

वेंडेलने टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर लोमॅक्सचं नाव होतं, त्याखाली आकडे. एक सामना, एक फटका.

मग तो माझ्याकडे वळला. त्याच नजरेने, जानेवारीतल्या.

"पप्पा, त्या रविवारी मी तुम्हाला विचारायला आलो नव्हतो."

"मग कशाला आला होतास?"

"तुम्ही 'जा' म्हणावं म्हणून. आत जाणं काय असतं ते मला माहीत होतं. माझे वडील कोळशाच्या खाणीत होते, संप मीही पाहिलेत. लोक तोंडावर थुंकले असते तरी चाललं असतं. फक्त तुम्ही एकट्याने म्हणायला हवं होतं. डेनिसला मी आदल्या रात्री सांगितलं होतं, पप्पांनी 'जा' म्हटलं तर जातो, नाहीतर नाही. ती रडायला लागली. म्हणाली, मग नकोच विचारू."

 त्याने टीव्ही बंद केला नाही, आवाजही कमी केला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "ब्रेक ठीक आहेत आता," म्हणाला. "उतारावर जरा जपून." आणि गेला.

मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. रात्री नाही, दिवसाढवळ्या, डोकं शाबूत असताना. मुलीचं आयुष्य, त्याची अकरा वर्षं, तो हसरा हलकट आणि त्याचा चेंडू, सगळं समोर ठेवून. आणि खरं सांगायचं तर, तो उद्या पुन्हा त्या टेबलापाशी बसून विचारील, तर मी आजही 'जा' म्हणणार नाही. म्हणताच येत नाही मला. वेंडेलला ते कळून चुकलंय. अजून दर रविवारी येतो, जेवतो, बर्फ पडला तर बर्फ काढतो. पण आता तो मला काही विचारत नाही.